केंद्र अस्थिर असेल तर

ते गेल्यावर दिल्लीतल्या मराठी मंडळींनी एक छोटी शोकसभा घेतली. सभेच्या आधी कार्यवाहांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर नाव, वय, शिक्षण, नोकरी आणि सर्वांत खाली ‘मूळ गाव’ असे रकाने होते. वरचे रकाने मी भरले आणि शेवटच्याशी अडले. ज्या माणसाने भेटेल त्याला ‘मूळचे कुठले?’ असं विचारण्यात आयुष्य घालवलं, त्याचं स्वतःचं गाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. विचारलं तर ते म्हणायचे, “अजून शोधतोय.” वडील रेल्वेत होते, दर दोन वर्षांनी बदली, एवढंच एकदा बोलण्यात आलं होतं. मी कागद तसाच परत दिला. कार्यवाह म्हणाले, “मग चार ओळी तरी लिहून द्या.” त्या चार ओळी मी तीन महिने लिहिते आहे.

आमची ओळख ऑफिसातली. केंद्र सरकारच्या एका खात्यात भाषांतराचा लहानसा कक्ष होता. इंग्रजीतल्या सूचना, नियम, पत्रकं मराठीत आणायची, हे तिथल्या दोन टेबलांचं काम. एका टेबलाशी ते होते, वरिष्ठ. दुसऱ्याशी मी, नुकतीच साताऱ्याहून आलेली, बोलायला घाबरणारी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मला राहायला जागाही त्यांनीच शोधून दिली, यमुनेपलीकडे नोएडात, ते स्वतः ज्या घरात खालच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते त्याच घराच्या गच्चीवरची खोली. त्यामुळे सकाळी नोकरदारांच्या चार्टर्ड बसने एकत्र जाणं आणि संध्याकाळी एकत्र येणं आलंच.

या प्रवासाचा त्यांचा एक नियम होता. यमुनेच्या दिल्लीकडच्या काठाला ते ‘सर’ आणि मी ‘बाई’. पूल ओलांडला की ते ‘काका’ आणि मी ‘अगं’. कागदांवर चर्चा करायची ती पुलाच्या आधी, भाजीचा भाव विचारायचा तो पुलानंतर. एकदा बस पुलाच्या बरोबर मध्यावर बंद पडली. मी काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. “अंहं. अजून ठरलेलं नाही.” ड्रायव्हर खाली उतरून इंजिनाशी झटापट करत होता तेवढा वेळ आम्ही दोघं शेजारी शेजारी गप्प बसून राहिलो. बस सुरू होऊन पूल संपला तेव्हा ते वळून म्हणाले, “हां, काय म्हणत होतीस?” तोवर मी विसरले होते.

‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न ते माणसांना विचारायचे तसाच शब्दांनाही विचारायचे. शब्द कुठून आला हे कळल्याशिवाय तो वापरायला त्यांचा हात धजत नसे. आमच्या वस्तीतल्या, म्हणजे सेक्टरच्या, भाजीवाल्याला त्यांनी एकदा हातगाडी थांबवून सांगितलं, “इसको हम मराठी में बटाटा कहते हैं. पुर्तगाल से आया है.” भाजीवाल्याने बटाटा उचलून उलटासुलटा पाहिला. “नहीं साहब, ये तो हापुड़ से आया है. अभी सुबह ही उतारा है.” हे त्यांना इतकं आवडलं की कक्षात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आठवडाभर ते ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणाले, “चुकलं कोणीच नव्हतं!”

ज्या शब्दांबद्दल त्यांना शंका असे ते चिठ्ठीवर लिहून एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात टाकले जात. डब्यावर त्यांनी सुबक अक्षरात ‘कोठडी’ असं लिहिलं होतं. चौकशी पूर्ण होऊन एखादा शब्द निर्दोष ठरला की ते चिठ्ठी बाहेर काढून माझ्या टेबलावर ठेवत. “बाई, यांना सोडलं. वापरा.” काही शब्द वर्षानुवर्षं आत होते. डब्याला हात लावायची परवानगी कुणालाही नव्हती.

आमच्या घरमालकीण पंजाबी होत्या. अख्खा सेक्टर त्यांना बीजी, म्हणजे आई, म्हणायचा. साठीची, उंच, आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर दुधाच्या बूथवरचा माणूस वळून बघे. त्या काकांना ‘मास्टरजी’ म्हणायच्या. ते कधीही मास्तर नव्हते, पण बीजींच्या मते जो माणूस पोह्यांच्या जाडीवरून भांडतो तो मास्टरच असणार. सेक्टर तेव्हा अर्धवट होता. रस्ता होता तिथे घरं नव्हती, घरं होती तिथे दिवसातून चार तास वीज नव्हती. जो तो नुकताच कुठून तरी आलेला. दारोदार नव्या रंगीत टीव्हीची आणि कूलरची रिकामी खोकी पडलेली. काका अशा वस्तीत स्वर्गात असल्यासारखे फिरायचे. प्रत्येक दाराशी त्यांच्या प्रश्नाला नवं उत्तर होतं.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर बीजींच्या छातीत गाठ निघाली. दिल्लीत ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी पुढे सिकाई सांगितली. तिकडे याला सिकाईच म्हणतात, आपण शेक म्हणतो तसं. खरं म्हणजे कोबाल्टच्या यंत्रातून येणारे गॅमा किरण. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. टाके सुकल्यावर उशीर न करता, महिन्याच्या आत सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं. दिल्लीच्या दवाखान्यात नंबर लागत होता तो उन्हाळ्यात. पण आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून एक धर्मादाय दवाखाना नवा उभा राहिला होता आणि तिथे कोबाल्टचं यंत्र येऊन बसलं होतं. सुरू व्हायचंच काय ते बाकी होतं. बीजींना चालत जाता आलं असतं.

यंत्र आल्याची बातमी फुटली तशी सेक्टरमध्ये कुजबुज सुरू झाली. दूध नासेल, भिंती ‘चार्ज’ होतील, मुलांचे केस जातील. दवाखान्याच्या डॉक्टरांनी काकांना गाठलं. तुम्ही सरकारी भाषांतरकार आहात, लोकांना समजेल असं हिंदीत एक पत्रक लिहून द्या. काकांचं काम मराठीचं. हिंदी ते उत्तम बोलत, पण लिहीत नसत. तरीही बीजींसाठी म्हणून ‘हो’ म्हणाले.

मग त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने चौकशी सुरू झाली. हे गॅमा किरण मूळचे कुठले? आमच्या खात्यात एक भौतिकशास्त्र शिकलेले अधिकारी होते. त्यांच्या टेबलाशी काका रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जाऊन बसू लागले. चौथ्या दिवशी बस सुटायच्या आत मला म्हणाले, “बाई, मोठी गंमत आहे. एक्स-रे आणि गॅमा, दोन्ही एकाच जातीचा उजेड. दिसायला, वागायला कधीकधी अगदी सारखे. मग ओळखायचे कसे? पत्त्यावरून! एक्स-रे अणूच्या ओसरीवरून येतात, बाहेर इलेक्ट्रॉन फिरतात तिथून. गॅमा येतात माजघरातून, पार केंद्रातून. म्हणजे नाव कशावरून पडलं? गावावरून!” त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू आयुष्यभर जे विचारत आलो ते बरोबरच विचारत होतो, अशी पावती त्यांना अणूकडून मिळाली होती.

त्यानंतरचा रविवार. बीजी गच्चीत उन्हात बसून मटार सोलत होत्या. उजवा हात अजून नीट उचलत नव्हता, म्हणून शेंगा मी फोडत होते आणि दाणे त्या काढत होत्या. काका वर आले आणि परातीतले दाणे मोजून बाजूला काढू लागले.

“मास्टरजी, गिनती के दोगे क्या खाने को?”

“साठ चाहिए, बीजी.” साठ झाल्यावर त्यांनी ढीग केला. “ये कोबाल्ट का केंद्र है. इसमें का एक दाना बैठे बैठे अपना स्वभाव बदलता है. एक छोटा सा कण बाहर फेंकता है, और बस. दाने कितने? अब भी साठ. पर नाम बदल गया. अब ये कोबाल्ट नहीं रहा, निकेल हो गया.”

बीजींनी एक शेंग माझ्या हातातून घेतली. “ब्याह हो गया, और क्या. लड़की वही, नाम दूसरा.”

काकांनी ढिगावर बोट ठेवलं. “हां... पर आगे सुनिए. निकेल नया नया है, अभी टिका नहीं है. अंदर बेचैनी बहुत है. तो वो दो बार में शांत होता है. एक बार थोड़ा, फिर पूरा. और हर बार एक किरण निकलती है. वही है गामा.”

“ठीक तो है,” बीजी म्हणाल्या. “नये घर में लड़की दो बार रोती है. एक बार दरवाज़े पे, एक बार रसोई में. फिर वो घर उसका हो जाता है.”

अणुविज्ञानाची इतकी सोपी मांडणी मी आजवर वाचलेली नाही. काकांनी ती लगेच एका पावतीच्या मागे लिहून घेतली. पण पत्रकात घातली नाही. “शास्त्रीय नाही,” म्हणाले. त्यांनी त्यांच्या पद्धतीचं, एकही शब्द इकडचा तिकडे नसलेलं पत्रक लिहिलं. दवाखान्याने त्याच्या प्रती काढून दुधाच्या बूथवर, मंदिराच्या भिंतीवर आणि रहिवासी समितीच्या फळ्यावर लावल्या. त्यातला महत्त्वाचा भाग असा होता:

‘गामा किरणें केंद्र से निकलती हैं. जब तक केंद्र अस्थिर है, किरणें निकलती रहेंगी. बाहर से कोई इन्हें रोक नहीं सकता. केंद्र के स्थिर होते ही सब शांत हो जाएगा.’

मराठी डोळ्यांना यात काही खटकणार नाही. आपण अणूच्या गाभ्याला केंद्रच म्हणतो. हिंदीत मात्र त्याला ‘नाभिक’ म्हणतात, आणि दिल्लीच्या पंचक्रोशीत ‘केंद्र’ या शब्दाचा अर्थ एकच. त्यातून त्या काळात सरकारं येत होती आणि पडत होती. ‘अस्थिर केंद्र’ हे शब्द रोज पेपरात पहिल्या पानावर असायचे.

पुढच्या सोमवारी सकाळी दुधाच्या रांगेत रहिवासी समितीचे सेक्रेटरी उभे होते. एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, माकडटोपीतही अधिकारी दिसणारे गृहस्थ.

“मास्टरजी, ये पर्चा आपने लिखा है?”

“जी हां.”

“आपने लिखा है, केंद्र अस्थिर है?”

“बिल्कुल अस्थिर है,” काका आनंदाने म्हणाले. कुणीतरी नीट वाचलं होतं. “उसी से तो सारा काम चलता है.”

“आप सरकारी नौकर होकर ये कह रहे हैं? सबके सामने?”

“इसमें छुपाने की क्या बात है? अस्थिर न हो, तो हमारे किस काम का!”

रांगेतल्या लोकांनी दुधाच्या किटल्या खाली ठेवल्या. सेक्रेटरींचा आवाज खाली आला. “और ये किरणें... केंद्र भेज रहा है?”

“भेज नहीं रहा जी. अपने आप निकलती हैं. उसके बस में ही नहीं है.”

घरी येताना काका मला म्हणाले, “माणूस जिज्ञासू आहे.”

जिज्ञासू माणसाने त्याच दिवशी थेट केंद्राकडे तक्रार लिहिली. केंद्र सरकार आमच्या सेक्टरमध्ये किरण सोडत आहे, ते थांबवणं आपल्या हातात नाही असं खुद्द केंद्राचा कर्मचारी कबूल करतो, तरी स्पष्टीकरण मिळावं. खाली शंभरावर सह्या. तक्रारीची प्रत दवाखान्याकडे गेली, तसे तिथले विश्वस्त घाबरले. त्यांनी यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं. केंद्राचं उत्तर येईपर्यंत यंत्र सुरू होणार नाही.

बीजींचे टाके सुकले होते. त्या रोज संध्याकाळी आम्ही फाटकातून आत आलो की विचारायच्या, “मास्टरजी, चिट्ठी आई?” आणि काका नकाराची मान हलवून आपल्या खोलीत जायचे.

चिठ्ठी आली, पण उलट्या दिशेने. तक्रार तीन-चार टेबलं फिरून, ‘मजकुराच्या अर्थाबाबत अभिप्राय द्यावा’ अशा शेऱ्यासह आमच्या कक्षात आली. म्हणजे त्यांच्याच टेबलावर. ती त्यांनी वाचली. सोबत जोडलेलं स्वतःचं पत्रक वाचलं. मग दोन्ही कागद खणात ठेवून खण बंद केला. त्या संध्याकाळी बसने पूल ओलांडला, पण ते काका झाले नाहीत. पलीकडच्या काठावरही ‘सर’च राहिले. असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी धीर केला. “सर, हिंदीत अणूच्या केंद्राला...”

“माहीत आहे मला.” डब्यातला घास त्यांनी परत ठेवला. “नाभिक. सहा वर्षं कोठडीत आहे तो शब्द. अहो बाई, आपल्याकडे नाभिक म्हणजे केस कापणारे. आमच्या बदलीच्या प्रत्येक गावात मला एका नाभिकाने मांडीवर घेऊन केस कापलेत. गॅमा किरण त्यांच्या दुकानातून येतात असं लिहू? हात चालत नाही.” मग डब्याचं झाकण लावत, “आणि मी लिहिलं त्यात चूक काय आहे? केंद्र म्हणजे केंद्र.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही शुद्धिपत्र काढलं नव्हतं. हे ते कधी बोलून दाखवत नसत, पण सगळ्या खात्याला माहीत होतं. ‘त्यांच्या टेबलावरून गेलेला कागद’ असं म्हटलं की वरचे अधिकारी न वाचता सही करत. मला त्यांचं दुःख कळत होतं. पण मला गच्चीवरून रोज बीजी दिसत होत्या, दवाखान्याच्या दिशेने तोंड करून खाटेवर बसलेल्या.

बुधवारी ते साहेबांकडे गेले असताना मी कोठडी उघडली. ‘नाभिक’ची चिठ्ठी तळाशी होती, पिवळी पडलेली. ती मी त्यांच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं, ‘बीजींच्या मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत.’

ते आले, बसले, वाचलं. डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी टाइपरायटरवर उगाचच कागद चढवत होते.

“बाई, तुम्ही कोठडी फोडलीत.”

“हो, सर.”

“कैदी काय म्हणाला?”

मी टाइपरायटरवरून हात काढले. “म्हणाला, सहा वर्षं झाली, चौकशी तरी करा.”

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी टोपण काढून पेन झटकलं आणि पहिलं शुद्धिपत्र लिहिलं. त्याची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. ‘पत्रक में जहां जहां केंद्र लिखा है, वहां नाभिक पढ़ें. भूल अनुवादक की है, जो मराठीभाषी है. केंद्र सरकार का गामा किरणों से कोई संबंध नहीं है. सरकार स्थिर हो या अस्थिर, किरणों पर कोई असर नहीं पड़ता.’

अशा कागदाला खालून वर आणि वरून खाली यायला तीन महिने लागतात. काका, जे पाणी प्यायलाही टेबल सोडत नसत, ते फाइल काखेत घेऊन निघाले. मीही मागोमाग गेले. प्रत्येक टेबलाशी ते एकच वाक्य बोलले, “आपको कुछ करना नहीं है. ‘ये विषय हमारा नहीं है’, बस इतना लिखना है.” मी सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढली. इतक्या आनंदाने, इतक्या झटपट, चहाचा कप बाजूला सारून सह्या करणारी माणसं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. एका उपसचिवांनी तर विचारलं, “और कोई विषय है जो हमारा नहीं है?” संध्याकाळी पाचच्या आत बारा सह्या झाल्या. बसमध्ये आम्ही दोघं दमून बसलो होतो. पूल संपला. “अगं,” ते म्हणाले, “मटार संपले असतील बीजींकडचे. घेऊन जाऊ.”

रविवारी सेक्टरच्या बागेत सभा झाली. उन्हात सतरंज्या, शेंगदाण्यांच्या पुड्या, विणकाम घेऊन आलेल्या बायका. काकांनी उभं राहून आपलं शुद्धिपत्र वाचून दाखवलं. ‘भूल अनुवादक की है’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मला वाटतं, दुसऱ्यांदा त्यांना ते आवडलं.

सेक्रेटरी प्रामाणिक माणूस. त्यांनी चष्मा पुसला. “तो केंद्र का इसमें कोई हाथ नहीं?”

“नहीं जी.”

“राज्य सरकार का?”

“उनका भी नहीं.”

“तो फिर शिकायत किससे करें?”

“निकेल से,” काका म्हणाले.

लोक हसले. पण मागून एक तरुण बाप उठला, कडेवर पोर. “ये मशीन रात को बंद तो होती है ना?”

कुणीही शहाण्या माणसाने इथे ‘हो’ म्हटलं असतं. काकांना ते जमण्यासारखं नव्हतं. “नहीं,” ते म्हणाले. “कोबाल्ट कभी बंद नहीं होता. दिन-रात चलता है. पांच साल में आधा रह जाता है, फिर और पांच साल में उसका आधा.”

एकदम गलका झाला. सतरंज्यांवरून लोक उठले. मिळालेलं सगळं एका खऱ्या शब्दाने हातचं जाणार होतं. काका हात वर करून काही सांगू बघत होते, पण त्यांचा आवाज पोचत नव्हता. तेव्हा बीजी उभ्या राहिल्या, एका हाताने माझा खांदा धरून. त्यांचा आवाज पोचला.

“बैठो सब! तंदूर नहीं देखा कभी? सारा दिन गरम रहता है. मुंह पे ढक्कन रखो, बच्चे पास में खेलते हैं. ये सीसे के डिब्बे में बंद है, इतने मोटे.” त्यांनी हाताने जाडी दाखवली, जरा जास्तच. “खिड़की खुलती है दो-चार मिनट, वो भी मेरी तरफ़, तुम्हारी तरफ़ नहीं. और दूध-वूध कुछ नहीं बिगड़ता. धूप में बैठने से तुम खुद धूप बन जाते हो क्या?” मग त्या कडेवरच्या पोराच्या बापाकडे वळल्या. “पुत्तर, तू डरता है तो ठीक है, बाप को डरना चाहिए. पर मुझे वहां जाना है. मुझे रोज़ दो बसें बदल के दिल्ली भेजेगा?”

तो खाली बसला. मग त्याच्या बायकोने विचारलं, “बीजी, ये किरणें आती कहां से हैं?” आणि बीजींनी सगळ्या बागेला साठ दाण्यांची, नाव बदललेल्या मुलीची, दारातल्या आणि स्वयंपाकघरातल्या रडण्याची गोष्ट सांगितली. काका मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी हळूच दुरुस्ती केली, “साठ, बीजी. पैंसठ नहीं.” हात वर करून मत घेतलं तेव्हा सेक्रेटरींनी दोन्ही हात वर केले.

बीजी बऱ्या झाल्या, नातवाच्या लग्नात नाचल्या, हे इथेच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावणं मला जमत नाही. काकांबद्दल सांगायचं तर बरंच आहे. गॅमा किरणांनी त्यांना पुढे कधी सोडलं नाही. आकाशातूनही अधूनमधून गॅमा किरणांचा प्रचंड लोट येतो, क्षणभर सगळ्याला भारी पडतो आणि विझतो, आणि तो कुठून येतो हे कुणालाच माहीत नाही, असं त्यांनी वाचलं तेव्हा गच्चीवर येऊन ते कितीतरी वेळ वर बघत उभे राहिले होते. काही वर्षांनी शास्त्रज्ञांना पत्ता लागला. आपल्या आकाशगंगेतले नव्हेतच ते, कल्पनेपलीकडच्या अंतरावरून, मरणाऱ्या प्रचंड ताऱ्यांकडून येतात. त्या दिवशी त्यांनी सगळ्या कक्षाला जिलबी वाटली. “फार लांबचे निघाले,” प्रत्येकाला सांगत होते, जणू घरात सोयरीक जमली होती.

पण मला ते डोळ्यांपुढे येतात ते बीजींच्या सिकाईच्या पहिल्या दिवशीचे. मुदतीला चार दिवस राहिले होते. आम्ही दोघांनी रजा काढली होती. दवाखान्याच्या बोळात एक लाकडी बाक, समोर जाड दार, दारावर लाल दिवा. बाकावर बीजींच्या मागून नंबर असलेल्या आणखी तीन बायका बसल्या होत्या, आजूबाजूच्या गावांतून आलेल्या, पदर तोंडावर ओढून, एक शब्द न बोलता. समोरच्या भिंतीवर काकांचं पत्रक होतं, दुरुस्त केलेलं, प्रत्येक ‘केंद्र’वर काट आणि वर ‘नाभिक’. बीजी आत गेल्या. दिवा लागला. काका उभे राहिले आणि दिवा विझेपर्यंत उभेच होते.

दार उघडलं. बीजी बाहेर आल्या त्या रागावलेल्या.

“बस? इतना ही?”

“क्या हुआ, बीजी?”

“कुछ हुआ ही नहीं! न गरम, न ठंडा, न चुभा, न जला. लेटी रही, छत देखी, बोले उठो. इतनी लड़ाई लड़ी और कुछ लगा ही नहीं!”

“लगता नहीं है, बीजी. किरणें हैं...”

“तो पर्चे में लिखना था ना!” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “कहां से आती हैं, कैसे आती हैं, किसके घर से आती हैं, सब लिख दिया. मैं रात भर जागी हूं मास्टरजी, कि कैसा लगेगा. ये तीनों भी जागी होंगी. पूछो इनसे.”

बाकावरच्या तिघींपैकी एकीने पदर थोडा मागे घेतला आणि मान डोलावली.

काकांनी खिशातून पेन काढलं, ते भिंतीशी गेले, आणि पत्रकाच्या अगदी वर, शीर्षकाच्याही वर जी रिकामी पट्टी होती तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘कुछ महसूस नहीं होता.’ मग वळून विचारलं, “और?”

“लिखो, लेटना होता है, हिलना नहीं होता.”

त्यांनी लिहिलं. “और?”

“लिखो, आवाज़ देने से बाहर वाला सुनता है. वो अकेली नहीं है.”

त्यांनी लिहिलं. वाचता येत नसलेल्या त्या बायकांसाठी लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटला.

“और?”

बीजींनी विचार केला. “लिखो, कमरा बहुत ठंडा है. शॉल ले के आओ.”

तेही त्यांनी लिहिलं, जागा उरली नव्हती म्हणून कडेने उभं. दुसऱ्या दिवशी आम्ही बीजींना घेऊन गेलो तेव्हा बाकावर त्या तिघी आधीच येऊन बसल्या होत्या. आपसात बोलत होत्या, आणि तिघींच्याही मांडीवर घडी केलेली शाल होती.